कळवू नये

अंगठ्याला काही टोचलं नाही, एवढंच झालं. शेवटच्या पेटीतली सदतिसावी स्लाइड तिने सूक्ष्मदर्शकाखालून काढली आणि पेटीच्या खाचेत सरकवायला बोटांत धरली, तेव्हा काचेची कड लागायला हवी तशी लागली नाही. हातमोजा तेलाने बरबटला म्हणून तिने नुकताच काढून टाकला होता, नाहीतर तेही कळलं नसतं. बावीस वर्षं ती या काचेच्या पट्ट्या उचलत आली होती. त्यांच्या कडेला एक चावा असतो. बोट कापत नाही, पण मी काच आहे हे सांगितल्याशिवाय सोडतही नाही. ही कड मात्र मऊ होती, तोंडात घोळवून घोळवून गुळगुळीत झालेल्या गोळीसारखी. तिने अंगठा पुन्हा फिरवला. चारही बाजू गोल. कोपरेसुद्धा गोल. ती तशीच बसून राहिली, हात हवेत. शेजारच्या टेबलावर धाकटी बसली होती, तिच्या हाताखाली संशोधन शिकणारी मुलगी. ती मान न वळवता म्हणाली, "काय झालं? मुंगी चावली का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच चावलं नाही."

अशा गोल कडेच्या पट्ट्या साऱ्या जगात बाराच होत्या. त्या काचवाल्याने केल्या होत्या. काचवाला म्हणजे संस्थेच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, बर्नर लावून बसणारा माणूस. नळ्या, वाकडे चंबू, दुहेरी भिंतींची भांडी, जे बाजारात मिळत नाही ते तो फुंकून करून द्यायचा. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे आणि त्याची त्यालाही सवय झाली होती. चार वर्षांपूर्वी ती तुटलेली नळी घेऊन खाली गेली, तेव्हा त्याने नळीकडे न बघता तिच्या बोटांकडे बघितलं होतं. बोटांवर बारीक बारीक चिरा, काही जुन्या, काही कालच्या. "मांजर पाळलंय का?" त्याने विचारलं. स्लाइडच्या कडा लागतात, ती म्हणाली, दिवसाला शंभर हाताळल्या की एखादी लागतेच.  आठ दिवसांनी औषधाच्या एका रिकाम्या खोक्यात, कापसात गुंडाळून, त्याने बारा पट्ट्या वर आणून दिल्या. एकेक कड ज्योतीवर धरून त्याने ती वितळेल न वितळेल इतकीच गोल केली होती. जरा जास्त धरली तर पट्टी वाकते, मग ती सूक्ष्मदर्शकाखाली बसत नाही; कमी धरली तर चावा राहतो. "मोजणीबाई," तो म्हणाला, कारण ती दिवसभर पेशी मोजते हे तोवर त्याला कळलं होतं, "या वापर. काचेने कापलं की मला माझ्या जातभाईने कापल्यासारखं वाटतं." तिने त्या वापरल्या नाहीत. वापरायच्या म्हणजे रंगात बुडवायच्या, नंबर चिकटवायचा, पेटीत टाकून विसरायच्या. तिने त्या खणात ठेवल्या. आता तिने खण उघडला, खोका काढला आणि कापूस बाजूला करून मोजल्या. अकरा. हे तिला माहीतच होतं, तरी मोजल्या.

बारावी तिने स्वतःच्या हाताने वापरली होती. पाच महिने झाले त्याला. निरोगी माणसांच्या रक्तात वय वाढेल तसा पांढऱ्या पेशींचा हिशोब कसा बदलतो, एवढं साधं काम होतं त्यांचं, पण त्याला चारशे निरोगी माणसं लागत होती आणि पन्नाशीजवळचे पुरुष काही केल्या मिळत नव्हते. ती खाली जाऊन त्याला म्हणाली, थेंबभर रक्त दे. तो लगेच बर्नर बंद करून तिच्यामागून जिना चढला. त्या दिवशी परिचारिका रजेवर होती, म्हणून सुई तिनेच टोचली, आणि ती आत जाईना. त्याच्या बोटांची कातडी भाजून भाजून जोड्याच्या तळासारखी झाली होती. "तिकडून नाही जमायचं," तो म्हणाला, "आत यायला माझ्याकडे वेगळी वाट आहे," आणि त्याने करंगळी पुढे केली, जी काम करताना बाहेर राहते. ती हसली. त्या हसण्यातच तिने खण उघडला आणि बारावी पट्टी काढली. का काढली, हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. त्याचा थेंब दुसऱ्या कुठल्या काचेवर पडू नये असं वाटलं, बस. त्याने ती ओळखली. "बघ," तो म्हणाला, "माझ्याच काचेवर माझंच रक्त." थेंब घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पट्टीवर पातळ ओढला, वाळवला. शिकून सवरलेल्या बाईने करू नये ते तिने केलं. संबंध कामाचा पायाच हा होता की मोजणाऱ्याला कुणाचं रक्त आहे हे कळता कामा नये. पट्ट्या विभागप्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या खोलीत जात, तिथे नाव काढून नंबर लागे, सगळ्या एकमेकींत मिसळल्या जात, आणि नावांची यादी बाईंच्या कपाटात कुलपात राही. आणि तिने हजारांत एकटी ओळखू येईल अशी पट्टी त्या गर्दीत सोडली होती.

थेंब दिल्यावर त्याने कागद भरला. शेवटी दोन चौकोन होते. तपासणीत काही वेगळं आढळल्यास मला कळवावे; मला कळवू नये. त्याने पेन दुसऱ्या चौकोनावर नेलं. ती म्हणाली, नीट वाच. "वाचलं. कळवून काय करणार? मला बदलून नवा आणणार?" मग खूण करून झाल्यावर, कागद तिच्याकडे सरकवताना, तो वेगळ्या आवाजात म्हणाला, "माझं पोट हातावर आहे. डोक्यात काही शिरलं की हात हलतो. हात हलला की काच गेली. मला नाही कळायचं काही." तो दुसरा चौकोन तिनेच घालायला लावला होता. बैठकीत बाकीचे म्हणत होते, कळवायचंच, त्यात विचारायचं काय. ती म्हणाली, विचारा. प्रत्येकाला विचारा. आणि असा हट्ट ती क्वचितच धरते म्हणून त्यांनी तो मान्य केला. तो हट्ट कुठून आला होता हे तिने बैठकीत सांगितलं नव्हतं. ती अकरा वर्षांची असताना बाबांच्या छातीचा फोटो घरी आला होता. आईने तो खिडकीच्या काचेला लावून काकांना दाखवला, आणि त्या काळ्या फोटोतल्या पांढऱ्या डागामागून समोरच्या घराची दोरी आणि दोरीवरचे कपडे दिसत होते. आईने तिला आतल्या खोलीत नेलं. "बाबांसमोर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही." तिने काढला नाही. सात महिने घरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं आणि ज्याचा डाग त्यालाच तो ठाऊक नव्हता. एका दुपारी बाबांनी तिला पाय चेपायला बसवलं आणि डोळे मिटूनच विचारलं, "तुला काही माहीत आहे का गं?" ती म्हणाली, "नाही, बाबा." बाबा थोडे हसले. ते का हसले हे तिला कितीतरी वर्षांनी, एका परीक्षेच्या हॉलमध्ये, पेपर लिहिता लिहिता कळलं. कशाबद्दल, ते बाबांनी सांगितलंच नव्हतं, आणि तिने 'काय?' असं विचारलं नव्हतं. बाबांना हवं होतं की नको होतं, हे मात्र कुणी त्यांना विचारलं नाही. म्हणून दोन चौकोन. आता एका माणसाला विचारलं होतं आणि त्याने उत्तर दिलं होतं.

तिने स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. डाव्या हाताशी मोजणीचं यंत्र होतं, पाच कळांचं, प्रत्येक जातीच्या पेशीला एक बोट. शंभर झाले की घंटी वाजते. करंगळीशेजारच्या बोटाला लिम्फोसाइट, त्या गोल, काळसर, शांत दिसणाऱ्या पेशी. निरोगी माणसात त्या बोटाला शंभरात तीस-पस्तीस वेळा काम पडतं. मघाशी एक्याऐंशी वेळा पडलं होतं. आणि मघाशी, कड बोटाला लागायच्या आधी, तिला आनंद झाला होता.  चारशे निरोगी माणसं मोजता मोजता डोळे शिणले होते, सगळं जसं हवं तसंच होतं, आणि शेवटी एक पट्टी वेगळी निघाली. ती मनात म्हणाली होती, वा. वहीत तिने आकडा जरा ठसठशीत काढला होता. कोण असेल बिचारा, असंही वाटलं होतं, पण ते नंतर, आणि वाटायला हवं म्हणून. आता ती पुन्हा मोजू लागली. एक्याऐंशी. पट्टी सरकवून दुसरीकडे मोजलं, एकोणऐंशी. तिसऱ्यांदा, ब्याऐंशी. मधे मधे फुटलेल्या पेशी होत्या, बोटाने पुसल्यासारख्या, नुसते जांभळे डाग. त्या डागांना ती लटकून राहिली. थर ओढताना हात जड पडला तरी पेशी अशा पुसल्या जातात. त्या दिवशी ती हसत होती. हसताना हात जड पडला असेल. पण हात जड पडल्याने पेशी फुटतात, वाढत नाहीत, हे ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवत आली होती. करंगळीशेजारचं बोट दुखत होतं. तिने ते दुसऱ्या हाताने धरून ठेवलं.

तोच माणूस, हा थेंब द्यायच्या महिनाभर आधी, तिला म्हणाला होता, "आपण एका घरात राहू या का? आईलाही घेऊन ये. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, ऊन येतं." असं, एका नळीचं तोंड रुंद करता करता. ती शेहेचाळीस वर्षांची होती, तो पन्नासाचा. दोघांचंही लग्न राहून गेलेलं, छत्री कुठेतरी राहून जावी तसं. ती म्हणाली, हा अभ्यास संपू दे, डोकं मोकळं होऊ दे, मग सांगते. "सांग की. मी कुठे जातोय?" तो म्हणाला. या रविवारी, केस धुऊन खिडकीत बसलेली असताना, तिचं ठरून गेलं. ठरवावं लागलंच नाही. हो म्हणायचं. शेवटची पेटी संपेल त्या दिवशी दुपारी खाली जायचं आणि सांगायचं. तो दिवस आज होता. सकाळी आई दारापर्यंत आली होती, हातात तिचा डबा. "आज तरी काय ते सांगून टाक. त्या माणसाचे राहिलेले केसही पांढरे होतील." "तुला काय माहीत, मी हो म्हणणार आहे की नाही?" "तीन दिवस झाले आरशात बघून गुणगुणतेस," आई म्हणाली. "नाही म्हणणारी बाई गुणगुणत नाही."

रविवारी झालेला होकार आज अर्ध्या तासात कुणीतरी उचलून दुसऱ्याच खोलीत नेऊन ठेवला होता. आता हो म्हटलं आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्याला कळलं की हिला तेव्हाच माहीत होतं, तर तो म्हणणार, दया आली म्हणून आलीस. नाही म्हटलं तर म्हणणार, रक्त बघून पळालीस. थांब म्हणावं, तर कशासाठी? सांगावं, तर त्याने सांगू नको म्हणून खूण केलेली, आणि तो चौकोन तिचाच. न सांगता हो म्हणावं, तर रोज सकाळी त्याच्या समोर बसायचं, त्याच्या मानेशी गाठ आली का हे चोरून बघायचं, आणि तो विचारणार, काय बघतेस गं. तिला तो स्वयंपाकघरात उभा दिसला, मागच्या खोलीतल्या उन्हात दिसला, आणि प्रत्येक ठिकाणी ती त्याला मोजत होती.

ती उठून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई साठीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलताना कागदावरून नजर न काढणाऱ्या. याच बाईंनी तिला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं होतं.

"बाई, समजा एखादी स्लाइड ओळखू आली. कुणाची ते."

"स्लाइड ओळखू येत नसते. नंबर असतो."

"समजा आली."

"मग बाद. रेघ मारायची, कारण लिहायचं, तीनशे नव्व्याण्णव धरायच्या." मग त्यांनी नजर उचलली. "काही निघालं का तिच्यात?"

तिने मान डोलावली आणि आकडा सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"चौकोन कुठला?"

"कळवू नये."

"मग संपलं."

"नुसतं म्हटलं, की एकदा रक्त तपासून घे, वय झालं आता, तर?"

"तू म्हटलंस की ते कळवणंच झालं. तू रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतेस का, रक्त तपासून घे?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "हे बघ, रक्ताचा हा कर्करोग चालतो सावकाश. वीस-वीस वर्षं लोक हिंडतात-फिरतात. लवकर कळलं तरी आपण काय करतो? बघत बसतो."

"काहींचा चालत नाही सावकाश."

"हो, काहींचा नाही." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "कोण आहे?" बाईंनी विचारलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत हात वर केला. "नको. सांगू नकोस. मलाही यादी सांभाळायचीय." ती दाराशी पोचली तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "तो चौकोन घाल म्हणून तूच भांडली होतीस. बरोबरच भांडलीस." त्या धीर द्यायला म्हणत होत्या. तिला वाटलं, यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येऊन तिने वहीतल्या तीनशे सत्त्याण्णव नंबरवर पट्टी धरून रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, कड वेगळी. रेघेखालचा एक्याऐंशी दिसतच होता. मुद्दाम ठसठशीत काढलेला. आता तो कुठल्याच बेरजेत जाणार नव्हता. तो कुणाचा, हे साऱ्या जगात एकट्या तिच्याजवळ राहिलं. उरलेल्या तीन स्लाइड तिने मोजल्या, कारण त्या मोजायच्या होत्या. पहिली उचलताना हातमोजा घालायचं राहिलं आणि नेहमीची ती चावरी कड अंगठ्यात शिरली. रक्त आलं. तिने बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने मोजत राहिली. तिन्ही माणसं अगदी निरोगी होती. घंटी तीनदा वाजली. धाकटीने टाळी वाजवली आणि म्हणाली, "संपलं बाई एकदाचं. आता तुम्ही काय मोजणार?"

दुपारी ती खाली गेली. जायचं नाही असं तिने जिन्यात ठरवलं होतं, पण पाय जिना उतरत होते. काचखोलीत नेहमीसारखी गरम धातूचा वास येणारी हवा होती. तो बर्नरपुढे बसून एक जाड नळी फिरवत होता, डोळ्यांवर काळा चष्मा, नळीचं टोक नारिंगी. तापलेली काच सतत फिरवत राहावी लागते, थांबली की आपल्याच वजनाने लोंबते, हे तिला त्यानेच सांगितलं होतं. खिडकीशी त्याची ती ताण बघायची पेटी होती. वरून नितळ दिसणारं भांडं तिच्यात धरलं की जिथे जिथे काचेच्या पोटात ताण राहिलेला असेल तिथे रंगीत पट्टे उमटतात.

"आली मोजणीबाई," तो म्हणाला. "झाली का पेटी?"

"झाली."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तोंड बघ कसं झालंय. पेटीत न घालताच ताण दिसतोय."

आणि ती म्हणाली, "हो."

"काय हो?"

"तू विचारलं होतंस त्याला. हो."

त्याचे हात फिरतच राहिले. "थांब," तो म्हणाला, "हे हातातलं खाली ठेवता येत नाही गं आत्ता. थांब हां. जाऊ नकोस." नारिंगी टोक लाल झालं, मग काळपट, मग नुसती काच झाली. तोवर तो तिच्याकडे बघत फिरवत राहिला, एखाद्या पोरासारखा, ज्याला वर्गातून उठता येत नाही. मग नळी ठेवली, चष्मा काढला. डोळ्यांभोवती चष्म्याचा वळ होता. "विचार करून म्हणतेस ना?"

"विचार आधीच झालाय. रविवारी."

"रविवारी?"

"रविवारी ठरलं. केस वाळवत बसले होते तेव्हा. आईला विचार. आज नाही ठरलं, रविवारी ठरलं." आपण हे फार वेळा म्हणतोय हे तिला ऐकू आलं.

"बरं, रविवारी तर रविवारी," तो हसत म्हणाला. "मी काय तारीख लिहून घेतोय?" त्याने तिचा हात हातात घेतला. तो असा याआधी कधी घेतला नव्हता. मग अंगठ्यावरची ताजी चीर त्याच्या बोटाखाली आली आणि त्याने हात उजेडात धरला. "हे आजचं. माझ्या पट्ट्या वापरत नाहीस वाटतं."

"नाही. ठेवून दिल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या," ती म्हणाली. "बाराच्या बारा आहेत खणात."

शब्द तोंडातून सुटले आणि मग तिला करंगळी आठवली. तिचं हसणं आठवलं, खण उघडल्याचा आवाज, आणि 'माझ्याच काचेवर माझंच रक्त'. तो समोरच बसलेला होता. त्याने ती पट्टी खणातून निघताना बघितली होती, ओळखली होती. अकरा म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. अकरा हा किती साधा, निरुपद्रवी आकडा होता. आयुष्यभर मोजणाऱ्या बाईने एकच आकडा चुकवला होता, आणि कुठला चुकवला यावरून काय लपवलंय ते त्याला कळायला वेळ लागणार नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे पट्टे उमटले नाहीत. तो थोडा वेळ तिचा अंगठा तसाच धरून होता, मग त्याने तो नळाखाली नेला, धुतला, रुमालाच्या टोकाने टिपला.

"बाराच्या बारा," तो म्हणाला. आणि जरा हसला. हे हसणं ती ओळखत होती. मिटलेल्या डोळ्यांचं, पाय चेपून घेणाऱ्या माणसाचं हसणं होतं ते. "काय?" असं त्याने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. ती वाट बघत राहिली. त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, सगळं, चौकोन-बिकोन गेला खड्ड्यात. तो बर्नरपुढे जाऊन बसला.

"वेडी आहेस," तो म्हणाला, पाठमोराच. "वापरायला दिल्या होत्या. अजून डझनभर करतो. बस तिथे."

ती स्टुलावर बसली. त्याने ज्योत बारीक केली, नवी पट्टी चिमट्यात धरली आणि तिची कड ज्योतीत घातली. कड आधी पिवळी झाली, मग गोल होऊ लागली. इथे तो पट्टी काढतो. ती वेळ तिने कितीदा बघितली होती, हातालाच कळते ती. ती वेळ आली आणि गेली. पट्टी मधून मऊ झाली, हळूच मान टाकल्यासारखी खाली वाकली.

"ही गेली," तो म्हणाला. चिमटा उघडून त्याने ती टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली. मांडीवर ठेवलेल्या तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट एकदा दाबलं गेलं, आणि मग, त्याने दुसरी ज्योतीत धरली तेव्हा, पुन्हा.